उणे ऐंशी

बडगुजर मॅडमनी दिलेलं मीटर मुठीएवढं.
भिंतीचा सॉकेट आणि यंत्राची पिन
यांच्या मधोमध खोचायचं,
चोवीस तास थांबायचं,
आणि आकडा फूटतुटीच्या रजिस्टरात
मागच्या पानापासून उलटा लिहीत यायचा.
नवं रजिस्टर मिळायला जून उजाडणार होता.

चोपड्यात मे. कॉलेजला सुटी.
फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं समीकरण,
बेसिनमध्ये मेलेली पाल.
पोरं नाहीत, तरी बिल तेवढंच.
म्हणून हे मोजणं.

पहिल्या दिवशी ओव्हन.
आत एकच पेट्री डिश, रिकामी,
एकशे पाच अंशांवर वाळत होती
कधीपासून, देव जाणे.
सात युनिट.
त्याच दिवशी गच्चीवर माझी बायको
कुरडया वाळवत होती,
तिथं मीटर लावायला जागाच नव्हती.

मग डिस्टिलेशन.
एक कॅन शुद्ध पाणी खाली पडेपर्यंत
दहा कॅन पाणी नळीतून गटारात.
युनिट लिहिले.
पाण्याचा रकाना मी माझ्या मनानं आखला,
मॅडमनी सांगितला नव्हता.

सूक्ष्मदर्शकं जवळपास उपाशी.
तराजू बंद असतानाही
दोन वॅट खात पडलेला,
जेवून ओट्यावर कलंडलेल्या माणसासारखा.

शेवटी कोपऱ्यातला तो.
उणे ऐंशी.
कुठल्याशा प्रकल्पातून आलेला,
प्रकल्प संपला, हा राहिला.
बाहेर पंचेचाळीस, आत उणे ऐंशी,
मधे वीतभर जाडीचं दार,
आणि त्या दाराशी एकटाच भांडणारा कॉम्प्रेसर.
एकोणीस युनिट. एका दिवसाला.
मी मीटर झटकून पाहिलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस.

हातमोजे चढवून दार उघडलं.
बर्फ पळीनं खरवडला तेव्हा चाळीस पुड्या निघाल्या,
फॉइलच्या, दोऱ्यानं बांधलेल्या.
वर पेन्सिलीनं: रानकेळ, पान, सातपुडा,
हि. महाले.
हिलाल महाले.
उंच, सँडलचा पट्टा नेहमी तुटलेला,
अकरा वर्षांपूर्वी पीएचडी अर्धी टाकून गेला.
आता शहाद्याला ठिबकच्या नळ्या विकतो.

फोन लावला.
पलीकडे आधी मोटरसायकलचा आवाज, मग काही नाही.
मग: "आजून शे का ते?"
शे, म्हटलं. रोज एकोणीस युनिट खातं.
तो हसला. "टाकी दे. काय कामनं."
ठेवला.

तासाभरानं त्याचाच फोन.
त्या नाल्यावर आता रस्ता झालाय म्हणे,
ती झाडं कुठंच दिसत नाहीत.
"टाकू नको."
मग थोड्या वेळानं, हळू, प्रमाण मराठीत,
जणू व्हायवाला बसलाय:
"उणे सत्तर केलं तरी चालेल, सर."
अकरा वर्षं मी इथं बाटल्या धुतो,
मला कुणी सर म्हटलेलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, सही कोण करणार?
पुस्तकात ऐंशी आहे.
मी म्हटलं, पानं कुणाची आहेत त्यालाच विचारलंय.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि सही केली.

भिंतीपासून फ्रीझर हातभर पुढे ओढला.
मागच्या जाळीतून निघाली
अर्धा किलो धूळ आणि चिमणीचं घरटं.
आकडा फिरवून सत्तरवर आणला.
रात्रभर झोप नाही.
सकाळी पुड्या दगडासारख्याच होत्या.
मीटर म्हणालं तेरा.

माझ्या घराला दिवसाला अडीच युनिट लागतात.
सहा वाचले, म्हणजे दोन घरं
आणि वर कुणाचातरी पंखा.
अकरा वर्षांचा हिशेब मांडायला बसलो होतो,
अर्ध्यावर खोडला.

संध्याकाळी मीटर घरी आणलं, एका रात्रीपुरतं.
"हाई काय शे?" बायको.
मिक्सरला लावून दाखवलं.
तिनं शेंगदाण्याची चटणी फिरवली,
आकडा हलला न हलला.
"एवढंच?" म्हणाली,
आणि आणखी एक घाणा घातला.

रजिस्टरात माझी उलटी पानं
आता सुलट्यांना भिडायला आलीत.
समोरच्या पानावर शेवटची नोंद:
बीकर, २५० मिली, नग एक.
फुटला. कोणाकडून, माहीत नाही.